आडवी रेघ

विस्टिनमामाच्या टाइपरायटरला आमचा ह नव्हता.
सनशाइन नावाच्या उपनगरात, मेलबर्नच्या पश्चिमेला,
जुन्या सामानाच्या दुकानातून चार पौंडांना आणलेलं यंत्र,
इंग्रजांच्या बोटांसाठी घडवलेलं.
त्यात साधा h होता, खुर्चीसारखा, उंच पाठीचा.
पाठीवरची आडवी रेघ तेवढी नव्हती.
आणि रेघ नसली की माल्टाचा माणूस
h कडे बघतो नि पुढे जातो.

म्हणून तो आधी सगळं पत्र बडवून काढायचा,
मग कागद सोडवून, चष्मा लावून,
निळ्या शाईनं एकेकाला रेघ मारत जायचा,
शाळेला निघालेल्या पोरांची बटणं लावावीत तसा.
झुरिएकला, आमच्या दाराच्या पायरीवर,
आई पाकीट फोडायची तेव्हा
काळ्या अक्षरांवर निळ्या काड्या :
पावावर एक, समुद्रावर एक,
मित्रावर एक.

एकदा त्यानं लिहिलं होतं :
चेत्तीना, कारखान्यात माझ्या डावीकडे कालाब्रियाचा एक जण,
त्याच्याकडे h असतो, पण बोलत नाही,
लग्नाच्या फोटोतल्या लांबच्या काकासारखा.
उजवीकडे ग्रीक. तो H बघतो आणि म्हणतो ई!
उंदीर दिसल्यागत.
फोरमन त्यावर फुंकर घालतो, चहा निवतो तशी.
जर्मन फिटर त्याला स्वराच्या मागे उभा करतो
आणि स्वर लांबवतो, हप्ता लांबवावा तसा.
आणि या गावाच्या नावात तर तो s ला नुसता टेकला
की श होतो, सगळ्यांना गप्प करणारा.
शिडी एकच, बाई, जो तो आपापल्या माळ्यावर चढतो.
आपल्या शिडीला मात्र पायऱ्या दोन. Ħ.
बघ, आपण गरीब कसे?

मी होड्या रंगवतो, मार्साश्लोकच्या बंदरात.
आधी पट्टे, मग डोळे, मग नाव,
आणि नावातली ही रेघ सगळ्यात शेवटी, श्वास धरून.
एका पाहुण्यानं परवा विचारलं,
हे अक्षर चुकलं म्हणून खोडलंत का?

हायत म्हणजे भिंत.
हायत म्हणजे दोराही.
कुठला, ते वाक्य सांगतं.
आईचा जन्म शिवणयंत्रावर गेला, ती म्हणायची,
एका शब्दात दोन्ही मिळतंय, तर महाग कसलं.

मामाचं शेवटचं पत्र नोव्हेंबरात आलं.
पत्ता त्या ग्रीकाच्या हातचा होता, टपोरा, वाकडा.
सातव्या ओळीपर्यंत निळ्या काड्या.
आठव्या ओळीत डॉक्टर, छाती, रात्रीचा खोकला,
आणि तिथून पुढे सगळे h उघडे.
आईनं मोठ्यानं वाचलं, लिहिलं होतं तसं,
जिथं रेघ नाही तिथं आवाज नाही :
पाव, ओब्झ.
समुद्र, बा-आर.
मित्र, आबीब.
मी म्हटलं, तुला माहीत आहे ना काय लिहायचंय त्याला.
ती म्हणाली, मला माहीत असून काय उपयोग,
त्यानं म्हटलेलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर
कापडावर खुणा करायची पेन्सिल तिनं घेतली
आणि आठव्या ओळीपासून सुरुवात केली.
रेघा तिच्या जाड आल्या, मामाच्या बारीक होत्या.
मध्ये एकदा उठून दूध झाकून आली.
तळाशी आमचा निरोपाचा शब्द होता.
तब्येतीलाही आम्ही तोच शब्द वापरतो,
साहहा, निरोगी राहा, जा.
त्यात दोन h, शेजारी शेजारी.
पहिल्यावर तिनं रेघ ओढली.
दुसऱ्यावर पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ
तशीच बसली.

मग म्हणाली, टोक मोडलं.
मी पाहिलं. मोडलं नव्हतं.